दुभत्या गाईच्या लाथा

पराभवांनी गांजलेल्या संघाने, अंगी अलौकिक गुण असलेल्या परंतु वर्तनामुळे वादग्रस्त ठरलेल्या खेळाडूस आपल्यात घ्यावे काय, हा प्रश्न वरवर पाहता क्रीडावृत्ताच्या पानाचा आहे. त्यास पहिल्या पानावर स्थान कशासाठी, असे काही वाचकांच्या मनात येईल. परंतु थोडा विचार करता असे दिसेल की, हाच प्रश्न आपल्या सर्व संस्थांपुढे निरनिराळ्या वेषांत नित्य उभा असतो. गुणवत्ता यादीत नाव झळकावे म्हणून उनाड पण बुद्धिमान विद्यार्थ्यास पायघड्या घालणारी शाळा, तिकीटविक्रीवर डोळा ठेवून तालमीस न येणाऱ्या नटास प्रमुख भूमिका देणारी नाटकमंडळी, कज्जे जिंकून देतो म्हणून कारकुनांना वाटेल तसे बोलणाऱ्या वकिलास डोक्यावर बसविणारी पेढी, ही सर्व एकाच व्यवहाराची रूपे होत. क्रीडांगणावर तो व्यवहार उघड्यावर होतो आणि त्याचा हिशेब धावफलकावर मांडला जातो, एवढाच काय तो फरक.

दुभत्या गाईच्या लाथा गोड, ही आपली जुनी म्हण या व्यवहाराचे समर्थन म्हणून नेहमी पुढे केली जाते. म्हण व्यवहारी आहे यात शंका नाही. परंतु दूध कोण पितो आणि लाथ कोणाला बसते, याविषयी ती काहीच बोलत नाही. एकच माणूस दोन्ही घेत असेल तर तो त्याचा खाजगी सौदा म्हणता येईल. पण संस्थेत बहुधा दूध एकाच्या वाट्याला येते आणि लाथ दुसऱ्याच्या. या प्रश्नाचा निर्णय करावयाचा तर प्रथम हा हिशेब मांडला पाहिजे.

पृथ्वी शॉ याचे प्रकरण

या प्रश्नाचे अगदी ताजे आणि आपल्या घरचे उदाहरण म्हणजे पृथ्वी शॉ. १९९९ साली जन्मलेला हा मुलगा. आई लहानपणीच गेली. विरारहून मुंबईच्या मैदानांपर्यंतचा रोजचा लांबचा प्रवास वडिलांच्या सोबतीने घडला. २०१३ साली, चौदाव्या वर्षी, त्याने हॅरिस शील्डच्या शालेय सामन्यात ५४६ धावा केल्या आणि त्या दिवसापासून त्याचे बालपण सार्वजनिक झाले. जानेवारी २०१७ मध्ये राजकोट येथे रणजी स्पर्धेच्या उपान्त्य सामन्यात पदार्पण करताच शतक. त्याच वर्षी दुलीप करंडकाच्या पदार्पणात शतक. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली एकोणीस वर्षांखालील विश्वचषक भारताकडे. आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये पुन्हा राजकोट येथेच वेस्ट इंडीजविरुद्ध पहिल्या कसोटीत १३४ धावा. कसोटी पदार्पणात शतक करणारा तो सर्वांत लहान वयाचा भारतीय ठरला. वयाची एकोणीस वर्षे पुरी होण्याच्या आत मिळण्यासारखे सर्व काही त्याला मिळून चुकले होते.

पुढचा इतिहासही तितकाच सर्वश्रुत आहे. २०१९ साली खोकल्याच्या औषधातून निषिद्ध द्रव्य शरीरात गेल्याच्या कारणावरून आठ महिन्यांची बंदी आली. डिसेंबर २०२० मधील अ‍ॅडलेडच्या कसोटीनंतर कसोटी संघाचे दार बंद झाले. एकूण कसोट्या पाच. मधूनमधून विजा चमकत राहिल्या: २०२०-२१ च्या मोसमातील विजय हजारे स्पर्धेत ८२७ धावा, जानेवारी २०२३ मध्ये गुवाहाटी येथे आसामविरुद्ध ३७९, त्याच वर्षी इंग्लंडमध्ये नॉर्दम्प्टनशायरतर्फे एकदिवशीय सामन्यात २४४. परंतु विजेच्या उजेडात कोणाचा संसार चालत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये शारीरिक तंदुरुस्ती व शिस्त यांच्या कारणांवरून मुंबईने त्याला रणजी संघातून वगळले. पुढच्याच महिन्यात लिलावात ७५ लाखांच्या मूळ किमतीलाही त्याला कोणी घेतले नाही. याच खेळाडूसाठी दिल्लीने २०२२ साली साडेसात कोटी मोजले होते.

अशा स्थितीत २०२५ च्या जूनमध्ये त्याने मुंबईकडून ना हरकत पत्र घेतले आणि जुलैमध्ये तो महाराष्ट्राच्या संघात दाखल झाला. मुंबईकडून रणजी स्पर्धेत तो शेवटचा खेळला तो महाराष्ट्राविरुद्धच. महाराष्ट्राच्या स्थितीविषयी फार सांगावयास नको. १९३९-४० व १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकणारा, १९४८ साली भाऊसाहेब निंबाळकरांच्या नाबाद ४४३ धावा पाहिलेला हा संघ. त्यानंतर १९७०-७१, १९९२-९३ व २०१३-१४ या तीन वेळा अंतिम सामन्यापर्यंत पोचून तो रिक्त हस्ते परतला आणि २०२४-२५ मध्ये बाद फेरीदेखील गाठू शकला नाही. रणजीच्या इतिहासात निंबाळकरांच्या खालोखाल ज्याची धावसंख्या नोंदली गेली आहे, तो शॉ निंबाळकरांच्याच संघात यावा, हा योग इतिहासप्रेमी वाचकांना सुखविणारा खरा. परंतु योगायोगावर संघ बांधता येत नाहीत.

पुढे काय झाले? २०२५ च्या एकाच ऑक्टोबर महिन्यात या माणसाची सर्व रूपे महाराष्ट्राला पाहावयास मिळाली. गहुंजे येथे आपल्या जुन्या संघाविरुद्ध, म्हणजे मुंबईविरुद्ध, सराव सामन्यात त्याने १८१ धावा काढल्या. आणि बाद होताच गोलंदाजाच्या अंगावर धावून गेला, तेव्हा पंचांस मध्ये पडावे लागले. नंतर तिरुवनंतपुरम येथे केरळविरुद्धच्या पहिल्या रणजी सामन्यात तो शून्यावर परतला; फलकावर एकही धाव लागण्यापूर्वी महाराष्ट्राचे तीन गडी तंबूत होते. दुसऱ्या डावात ७५ धावा. आणि लगेच पुढल्या सामन्यात चंदीगडविरुद्ध १५६ चेंडूंत २२२ धावा आणि महाराष्ट्राचा मोठा विजय. दूध आणि लाथ दोन्ही, तीही एका महिन्याच्या आत!

दोन सोपी उत्तरे

या प्रश्नावर दोन सोपी उत्तरे नेहमी ऐकू येतात. पहिले उत्तर असे की, आम्हांला धावांशी कर्तव्य, चारित्र्याशी नाही. माणूस संध्याकाळी कोठे जातो याची चौकशी करणारे आपण कोण? दुसरे उत्तर याच्या अगदी उलट: संघाच्या वस्त्राला डाग लागेल अशा माणसाला दाराशीही उभे करू नये, गुण कितीही असोत, शिस्त मोडली की संपले.

आम्हांस दोन्ही उत्तरे आळशीपणाची वाटतात. पहिल्यात हिशेब अर्धाच मांडला आहे. तंदुरुस्ती ही खाजगी बाब नव्हे. सीमारेषेवर जो धावत नाही, त्याच्या वाट्याचे दुसरा धावतो. सरावाला जो उशिरा येतो, त्याच्यासाठी चौदा जण ताटकळतात. डिसेंबर २०२४ मध्ये मुंबईचा कर्णधार श्रेयस अय्यर याने, जाणत्या माणसाला लहान मुलासारखे किती दिवस सांभाळावयाचे, अशा आशयाचे उद्गार काढले. शॉच्या त्या वेळच्या संघाने सय्यद मुश्ताक अली करंडक नुकताच जिंकला होता. जिंकणारा कर्णधारही थकावा, इतका तो भार होता, हे ध्यानात घेतले पाहिजे.

दुसरे उत्तर अधिक सोज्ज्वळ दिसते. परंतु त्यातील धोका अधिक खोल आहे. 'बेशिस्त' हा शिक्का मारणाऱ्याचा हातही तपासून पाहावा लागतो. १९३६ साली इंग्लंडच्या दौऱ्यावरून लाला अमरनाथ यांना बेशिस्तीच्या आरोपावरून परत धाडण्यात आले. भारतातर्फे पहिले कसोटी शतक ज्याने केले, तो खेळाडू पहिल्या कसोटीपूर्वीच बोटीने मायदेशी निघाला. पुढे चौकशी समितीने कर्णधार विजयानगरमचे महाराजकुमार यांच्याच नेतृत्वावर ताशेरे ओढले. आणि तेच अमरनाथ १९४७-४८ मध्ये ऑस्ट्रेलियात व १९५२ मध्ये पाकिस्तानविरुद्ध भारताचे कर्णधार झाले. एकदा बेशिस्त म्हटलेला माणूस कायमचा बहिष्कृत, असा नियम त्या काळी पाळला गेला असता, तर पाकिस्तानवरील आपल्या पहिल्या मालिका-विजयाचा कर्णधार दुसराच कोणी असता.

अर्थात शॉ म्हणजे अमरनाथ नव्हेत. त्यांच्याविरुद्ध कट होता, आणि याने २०२५ च्या जूनमधील मुलाखतीत स्वतःच सांगितले की, आपण चुकीचे निर्णय घेतले, चुकीची संगत धरली, खेळाला द्यावयाचा वेळ दिला नाही. ही कबुली त्याच्या बाजूने मोजली पाहिजे. आम्ही काही वर्षे शाळेत शिकविण्यात घालविली. तेथील अनुभव असा की, 'मास्तरांचा माझ्यावर राग आहे' म्हणणाऱ्या मुलाचे पुढे काय होईल ते सांगता येत नाही. पण 'माझे चुकले' असे न विचारता म्हणणाऱ्याला पुन्हा वर्गात घेण्यास हरकत नसते. मात्र ती कबुली म्हणजे उत्तीर्ण झाल्याचे प्रमाणपत्र नव्हे. परीक्षेस बसण्याची परवानगी, एवढाच तिचा अर्थ.

विदर्भाचा धडा

नागपूरकरांना या विषयावर बोलण्याचा थोडा अधिकार आहे. बाहेरचा खेळाडू घ्यावा की नाही, हा वाद येथे अनेक वर्षे रंगला आहे. तसे पाहता या प्रथेचे जुने लाभार्थीही आपलेच: नागपुरात जन्मलेले, येथेच वाढलेले कर्नल सी. के. नायडू १९२३ साली इंदूरला होळकर दरबाराच्या आश्रयास गेले, आणि त्यांच्या कडक, लष्करी शिस्तीच्या नेतृत्वाखाली होळकर संघाने रणजी करंडक जिंकला. साठी ओलांडल्यावरही रणजी सामन्यात फलंदाजीस उतरणारा हा पुरुष. तंदुरुस्तीचे निमित्त त्याच्यापुढे सांगण्याची कोणाची छाती झाली नसती!

विदर्भाचा संघ १९५७-५८ मध्ये प्रथम रणजी स्पर्धेत उतरला. त्यानंतर तब्बल साठ वर्षे त्याला करंडकाने हुलकावणी दिली. २०१५ साली मुंबईचा वासिम जाफर विदर्भात आला, तेव्हा उताराला लागलेला खेळाडू कशाला, असे म्हणणारे होतेच. २०१७ मध्ये चंद्रकांत पंडित हे प्रशिक्षक म्हणून आले. वेळ म्हणजे वेळ, सराव म्हणजे सराव, आणि नियम सर्वांस सारखा, असा त्यांचा खाक्या. कर्णधार फैज फजल आपला. कर्नाटकाला उपान्त्य सामन्यात धूळ चारणारा आणि दिल्लीविरुद्ध अंतिम सामन्यात त्रिक्रम साधणारा रजनीश गुरबाणी आपला. १ जानेवारी २०१८ रोजी इंदूरच्या होळकर मैदानावर विदर्भाने करंडक उचलला, आणि पुढल्या वर्षी नागपुरात सौराष्ट्राला नमवून तो राखला. त्या दुसऱ्या मोसमात चाळिशीच्या जाफरने १,०३७ धावा केल्या.

दुसरे उदाहरण करुण नायर याचे. २०१६ साली चेन्नईत इंग्लंडविरुद्ध नाबाद ३०३ धावा काढणाऱ्या या फलंदाजाला पुढे कर्नाटकानेही वगळले. डिसेंबर २०२२ मध्ये त्याने क्रिकेटकडेच आणखी एक संधी मागितली. ती विदर्भाने २०२३ मध्ये दिली. २०२४-२५ च्या मोसमात त्याने रणजी स्पर्धेत ८६३ धावा केल्या. नागपूरच्या अंतिम सामन्यात केरळविरुद्ध ८६ व १३५. विदर्भाला तिसरा करंडक. आणि जून २०२५ मध्ये नायर पुन्हा भारताच्या कसोटी संघात. परंतु त्याच मोसमात सर्वाधिक, म्हणजे ९६० धावा यश राठोडने केल्या, ६९ बळींचा स्पर्धेतील विक्रम हर्ष दुबेने नोंदविला, आणि अंतिम सामन्यातील १५३ धावा दानिश मालेवार या आपल्या पोराच्या होत्या. पाहुण्याच्या सोबत घरची मुले मोठी झाली; त्याच्या सावलीत ती खुरटली नाहीत.

जाफर व नायर हे दोघेही वर्तनाने निर्मळ. तेव्हा त्यांची तुलना येथे गैरलागू आहे, असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. त्यांच्या उदाहरणातून जो धडा मिळतो, तो पाहुण्याविषयी नसून घराविषयी आहे. २०१७ च्या प्रारंभी विदर्भाजवळ करंडक नव्हता. पण घराला शिस्त लागत होती. हरणारा संघ आणि विस्कटलेला संघ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हरणाऱ्या संघाला गुणी माणूस उपयोगी पडतो, आणि त्या माणसालाही तो संघ उपयोगी पडतो. विस्कटलेल्या संघात मात्र तो पाऊल टाकतो आणि दोघेही आणखी विस्कटतात.

घर कोणाचे?

याची साक्ष बाहेरच्या जगातही मिळते. बास्केटबॉलमधील डेनिस रॉडमन हा अमेरिकेतील विख्यात खेळाडू. चेंडू टोपलीवरून उडाला की तो झेलण्यात त्याचा हात धरणारा त्या काळी कोणी नव्हता; आणि लहरीपणातही नव्हता. १९९३ पासून दोन वर्षे तो सॅन अँटोनिओच्या संघात होता. संघ बलाढ्य होता, सामने जिंकतही होता; पण रॉडमनला तो सांभाळू शकला नाही आणि १९९५ साली त्याने त्याला जवळजवळ फुकटात शिकागोच्या स्वाधीन केले. तेथे प्रशिक्षक फिल जॅक्सन आणि खेळाडूंत मायकेल जॉर्डन व स्कॉटी पिपेन. पहिल्याच मोसमात शिकागोने ८२ पैकी ७२ सामने जिंकले आणि १९९६, १९९७, १९९८ अशी लागोपाठ तीन अजिंक्यपदे मिळविली. रॉडमन काही साधुसंत झाला नव्हता. फरक पडला तो घरात: ज्याच्या शब्दाला मान आहे अशी माणसे त्या घरात होती.

फुटबॉलमध्ये एरिक कँटोना याचे उदाहरण तर आमच्या मथळ्यास शब्दशः लागू पडते. १९६७ पासून इंग्लिश लीगचे अजिंक्यपद न मिळालेल्या मँचेस्टर युनायटेडने नोव्हेंबर १९९२ मध्ये या भांडखोर फ्रेंच खेळाडूस अवघ्या बारा लाख पौंडांत घेतले, आणि त्याच मोसमात सव्वीस वर्षांचा दुष्काळ संपला. परंतु जानेवारी १९९५ मध्ये लंडनच्या एका सामन्यात बाहेर काढले गेल्यावर त्याने डिवचणाऱ्या प्रेक्षकाला उडी घेऊन लाथ मारली. सप्टेंबरअखेरपर्यंत बंदी झाली आणि त्या मोसमाचे अजिंक्यपद युनायटेडने अवघ्या एका गुणाने गमावले. दुधाची व लाथेची किंमत एकाच खातेवहीत इतकी स्पष्ट क्वचितच लिहिली गेली असेल. तरीही प्रशिक्षक अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांनी त्याला टाकले नाही आणि पाठीशीही घातले नाही. बंदी पुरी भोगू दिली आणि मग परत घेतले. पुढल्या मोसमात लीग व करंडक दोन्ही त्यांच्याकडे आले.

म्हणजे प्रश्न 'हा खेळाडू कसा आहे' एवढाच नसतो. 'आपल्या घरात, त्याला नाही म्हणू शकेल असे कोणी आहे काय', हा प्रश्न आधी विचारावा लागतो. ज्या संघाचा प्रशिक्षक दर वर्षी बदलतो, ज्याच्या निवड समितीत ओळखीपाळखी चालतात, जेथे पदाधिकाऱ्याचा दूरध्वनी कर्णधाराच्या निर्णयाहून वरचढ ठरतो, त्या संघाने अशा खेळाडूच्या वाटेस जाऊ नये. तेथे तो प्रथम बिघडवील आणि नंतर, त्याच्या नावावर सर्व दोष टाकून, पदाधिकारी मोकळे होतील.

बाकावरचा मुलगा

या सगळ्या चर्चेत ज्याचे नाव कोणी घेत नाही, त्याविषयी दोन शब्द लिहिणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. अकरा जणांच्या संघात एक जण आत आला म्हणजे एक जण बाहेर जातो. बाहेर जाणारा हा बहुधा एखाद्या जिल्ह्याच्या गावचा एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा असतो. पहाटेच्या एस.टी.ने सरावास येणारा, वडिलांनी कर्ज काढून घेऊन दिलेली बॅट जपून वापरणारा, आणि वेळेवर हजर राहणे हाच ज्याचा एकमेव 'अवगुण'! लाथ बसते ती याला. त्याची जागा गुणाने अधिक असलेल्या खेळाडूने घेतली तर तो दुःख गिळतो, कारण खेळाचा न्याय त्याला कळतो. परंतु सरावाला न येणाऱ्याने ती घेतली, तर त्या मुलाच्या मनात एक धडा कायमचा कोरला जातो: मेहनतीची किंमत नावाच्या मानाने कमी असते. असा धडा घेतलेली पिढी पुढे केवळ क्रिकेटमध्ये राहत नाही. ती कचेऱ्यांत जाते, शाळांत जाते, नगरपालिकांत जाते.

नियामक मंडळाने राज्याच्या संघात बाहेरच्या खेळाडूंची संख्या तीनपुरती मर्यादित ठेवली आहे, ती याच मुलासाठी. त्या तीन जागा म्हणजे रिकाम्या खुर्च्या नव्हेत. त्या कोणाच्या तरी ताटातून उचललेल्या भाकरी आहेत. त्यांतील प्रत्येकीचा हिशेब जाहीरपणे दिला गेला पाहिजे.

गुणी माणसाचेही ऋण

आणि तरीही, स्वतः त्या गुणी माणसाचेही काही देणे लागते, हे विसरता कामा नये. चौदाव्या वर्षी ज्याच्याभोवती छायाचित्रकारांचे कडे पडते, पंधराव्या-सोळाव्या वर्षी ज्याला जाहिरातदार गाठतात, अठराव्या वर्षी ज्याच्या खात्यात कोटीची रक्कम पडते आणि ज्याला एकविसाव्या वर्षी भारताच्या कसोटी संघाचे दार बंद होते, त्याला आपण कोणत्या शाळेत घातले होते? धावा काढण्यास शिकविणारे पुष्कळ होते. धावा न निघाल्यास काय करावे हे शिकविणारा कोण होता? विनोद कांबळीसारख्या फलंदाजाने सतरा कसोटींत चौपन्नाहून अधिक सरासरीने धावा केल्या आणि चोविसावे वर्ष पुरे होण्यापूर्वी त्याची शेवटची कसोटी झाली. ती गोष्ट सांगताना आपण हळहळतो, मान हलवतो आणि पुढल्या मुलाच्या पाचशे धावांचा मथळा वाचू लागतो. हळहळ ही फार स्वस्त वस्तू आहे.

ज्या संघाला अशा माणसाकडून धावा हव्यात, त्याने त्याच्याबरोबर त्याचे एकटेपण, त्याची मोडलेली झोप, त्याच्याभोवतीचे खुशामते हेही घरात येणार, हे जाणून घ्यावे. त्याच्याशी रोज बोलणारा एखादा वडीलधारा माणूस आणि आवश्यक तेथे मनाचा वैद्य, यांची तरतूद आधी करावी. ती न करता त्याला घेणे म्हणजे चारा न घालता गाय पिळणे होय. मग ती लाथ मारू लागली तर दोष तिला कोणत्या तोंडाने द्यावयाचा?

आमचे मत

तेव्हा प्रश्नाचे उत्तर आम्ही असे देतो. धडपडणाऱ्या संघाने गुणी पण वादग्रस्त खेळाडूस घ्यावे. मात्र चार अटींवर. पहिली अट, करार एका मोसमाचा असावा, आणि तंदुरुस्तीचे, हजेरीचे व वर्तनाचे नियम त्यात स्पष्ट शब्दांत लिहिलेले असावेत; ते संघातील सर्वांत धाकट्या खेळाडूस लागू असतील तेवढेच त्याला लागू, रतिभर कमी नाहीत की रतिभर जास्त नाहीत. दुसरी, त्या नियमांची अंमलबजावणी कर्णधार व प्रशिक्षक यांच्या हाती राहावी. त्यांचा निर्णय पदाधिकाऱ्यांनी फिरवू नये. तिसरी, जागा नावावर मिळू नये. सराव सामन्यांतील कामगिरीवर मिळावी, आणि घरच्या मुलापेक्षा तो आज सरस आहे हे दिसावे, सात वर्षांपूर्वी सरस होता हे पुरेसे नाही. चौथी, त्याची माणूस म्हणून काळजी घेतली जावी, आणि करार संपला म्हणून ती काळजी संपू नये.

या अटी पाळण्याची ज्या संघाची तयारी नाही, त्याने आपल्या पराभवांसह स्वस्थ बसावे. स्वतःच्या मुलांना घेऊन हरलेल्या संघाला उद्या उभे राहता येते. दुसऱ्याच्या लहरीवर जिंकलेल्या संघाला ती लहर ओसरली की उभे राहण्यास पायच उरत नाहीत.

महाराष्ट्र संघटनेने शॉला जवळ केले, हे आम्ही योग्यच समजतो. ज्या माणसाला मुंबईने वगळले व ज्याला २०२४ च्या बाजारात कोणी घेतले नाही, त्याच्यासाठी दार उघडण्यास थोडे धैर्य लागते. २२२ धावांनंतर त्या धैर्याची वाहवा झाली; डिसेंबर २०२५ च्या लिलावात दिल्लीनेही त्याला ७५ लाखांच्या मूळ किमतीत पुन्हा घेतले. पण संघटनेची खरी कसोटी त्या धावांच्या दिवशी नव्हती. ती गहुंजेच्या सराव सामन्याच्या संध्याकाळी होती आणि असे प्रत्येक वेळी होईल. शतकवीराला दुसऱ्या दिवशी कर्णधाराने बाजूला घेऊन काय सुनावले, आणि ते ऐकताना संघातल्या धाकट्या मुलांना आपले नियम खरे आहेत असे वाटले काय, यावर या प्रयोगाचे यशापयश ठरावयाचे आहे.

उद्या असा एखादा खेळाडू विदर्भाच्या दाराशीही येईल. तीन करंडक घरात असल्याने आपणांस निवड करण्याची मोकळीक आहे, आणि म्हणूनच जबाबदारीही अधिक आहे. त्याला दारातून परत पाठवू नये. जामठ्याच्या मैदानावर सकाळच्या सरावाची वेळ काय, ती सांगावी. आणि त्या वेळी तो येतो की नाही, एवढेच प्रथम पाहावे.